पाण्यातले देव

परवा नात देव घासत बसली होती. देव घासायची तिला भारी हौस, कारण त्या निमित्ताने अभ्यास टळतो. चिंच-मीठ लावून बाळकृष्णाला चोळता चोळता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आजी, याचा एकच गुडघा का गं असा झिजलाय? रांगून रांगून?" मी म्हटलं, "असेल बाई, जुना आहे तो," आणि भाजी निवडत राहिले. खरं उत्तर द्यायचं तर अख्खी दुपार गेली असती आणि तिच्या आईला तिला क्लासला पाठवायची घाई होती. शिवाय ते उत्तर मी आजवर कोणालाच दिलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता वयाने सगळ्या गोष्टी सांगायची परवानगी दिली आहे, तेव्हा लिहूनच ठेवते. तिला वाचायचं तेव्हा वाचेल.

मी आज भाईंदरच्याच इंद्रलोक वस्तीत सहाव्या मजल्यावर राहते. ज्या चाळीत वाढले ती इथून चालत वीस मिनिटांवर होती. आता तिथे चाळ नाही, पण माझे पाय अजून बाजारातून येताना त्या गल्लीशी जरा घुटमळतात. भाईंदर पूर्वेला तेव्हा आमच्यासारखी रत्नागिरीकडची पुष्कळ घरं होती. चाळीच्या मागच्या अंगाला स्टीलच्या भांड्यांचे गाळे. सकाळी आठ वाजले की पॉलिशची यंत्रं सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत घूं घूं करत राहायची. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय की रविवारी गाळे बंद असले म्हणजे कानात कसंतरी व्हायचं. बाबा त्यातल्याच एका गाळ्यात पॉलिशवर होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा फक्त डोळे आणि दात ओळखू यायचे, बाकी सगळा काळा माणूस. दिवसभर जगाची भांडी लखलखीत करून ते स्वतः साबणाच्या अर्ध्या वडीनेही उजळायचे नाहीत. चेमटलेलं, डाग पडलेलं भांडं शेठ कामगारांना स्वस्तात देऊन टाकायचा. त्याला 'सेकंड' म्हणायचे. आमच्या घरात एकही भांडं सरळ नव्हतं. ताट ठेवलं की डुगडुगायचं आणि आमटी आपली आपणच एका बाजूला जायची.

माझा भाऊ, वसंतदादा, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तो एका छापखान्यात बाइंडिंग शिकत होता. मी तेव्हा दहावीत आणि माझ्याइतकी हुशार मुलगी भाईंदरमध्ये दुसरी नाही असा माझा पक्का समज होता. दादा मला 'सुलोचनाबाई' म्हणायचा. "सुलोचनाबाई, आज काय शिकवलं तुम्ही मास्तरांना?" त्याची एक खोड होती. घरात शिरला की चपला काढायच्या आधी ओट्याशी जायचा आणि एकेका भांड्याचं झाकण उघडून बघायचा. आई ओरडायची, "अरे मेल्या, हात तरी धू!" तोवर त्याने एक वडी तोंडात टाकलेली असायची. कुळथाची पिठी दिसली की खूश, भोपळा दिसला की झाकण मोठ्याने आपटायचा. त्या आपटण्यावरून मला बाहेर बसल्या बसल्या कळायचं, आज जेवायला काय आहे ते.

देव आईचे. भिंतीवरचा लहानसा लाकडी देव्हारा आणि त्यात चार जण: कुलस्वामिनीचा चांदीचा टाक, अन्नपूर्णा, बोटाएवढा गणपती आणि हा रांगता बाळकृष्ण. सकाळी त्यांना आंघोळ घालताना आई त्यांच्याशी बोलायची. "चल, हो पुढे. मान वर कर. आज पाणी गार आहे, काय करू, रॉकेल संपलंय." मी चिडवायची, "आई, यांचं नाव घाल शाळेत, मी नेईन." दादा तर देवाच्या बाबतीत नैवेद्यापुरता आस्तिक होता. बाबा दारातून जाता जाता हात जोडायचे, तेही अर्धे. एकूण घरातला देवधर्म आईच्या एकटीच्या बळावर चाललेला होता आणि आम्ही तिघं त्या गाडीत फुकट बसलेलो होतो.

त्या वर्षी थंडीत दादाचे डोळे पिवळे झाले. वरसाव्याला पुलाजवळ एक बाई काविळीचं औषध द्यायची. बाबांची कावीळ तिच्याच मुळीने उतरलेली, चाळीतल्या आणखी कितीजणांची उतरलेली. आई दादाला तिच्याकडे घेऊन गेली. बाबा म्हणाले, "एकदा डॉक्टरला पण दाखवू या." आई म्हणाली, "डॉक्टर काय करणार आहे? कावीळ औषधाने आणि पथ्यानेच जाते." घरात मीठ-तेलाशिवाय जेवण सुरू झालं, ते आम्हालाही. उसाचा रस, उकडलेले चणे, मऊ भात. दोन आठवडे गेले. मग एक दिवस दादाला उलट्या सुरू झाल्या आणि तो भलतंसलतं बोलू लागला. शेठच्या टेम्पोतून त्याला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, उशीर केलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई हॉस्पिटलातून घरी आली, अंगावर चार तांबे पाणी घेतलं आणि देव्हाऱ्यातले चारही देव काढून एका पातेल्यात ठेवले. एका कुशीला चेमटलेलं स्टीलचं पातेलं, सेकंडमधलंच. त्यात देव बुडतील एवढं पाणी ओतलं. आमच्याकडे संकट अगदी गळ्याशी आलं की देव पाण्यात ठेवतात. आम्ही सुखात नाही तर तूही सुखाने बसू नकोस, असं त्याला सांगायचं. काम झालं की बाहेर काढून पूजा करायची. आई हात जोडून मोठ्याने म्हणाली, "माझा वसंता आपल्या पायांनी हा उंबरा ओलांडून घरात आला की बाहेर काढीन. तोवर नाही." मी दारात उभी होते. मला तो नवस ऐकून जरा धीर आला. आई एवढ्या ठामपणे बोलली म्हणजे आता देवाला ऐकावंच लागेल असं मला वाटलं.

पाचव्या दिवशी दादाला घरी आणलं ते चौघांनी.

पुढच्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. सुतकात देवांना हात लावायचा नसतो, त्यामुळे ते पातेलं तसंच देव्हाऱ्याखाली कोपऱ्यात राहिलं, वर झाकण. तेरावं झाल्यावर बाबांनी गुरुजींना हळूच विचारलं, की देव पाण्यात आहेत, नवस तर असा झाला, आता काय करायचं? गुरुजी भला माणूस होता. म्हणाला, "खाडीत विसर्जन करा, नवे आणा, मी प्रतिष्ठा करून देतो." आई भिंतीला टेकून बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "कुठे नाही न्यायचे. माझं पोर घरात येईपर्यंत काढणार नाही म्हणून बोललेय मी. आलं का? मग राहू देत तिथेच." बाबांनी गुरुजींना दक्षिणा दिली आणि चपला शोधायला मदत केली.

त्यानंतर आई जवळजवळ बोलायचीच थांबली. सकाळी उठायची, दारात जाऊन बसायची. ऊन तोंडावर आलं तरी सरकायची नाही. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायची. स्वयंपाक माझ्या गळ्यात आला. माझी पेज म्हणजे नुसतं पाणी आणि भाकरी म्हणजे नकाशे. बाबा न बोलता खायचे. आई दोन घास खायची आणि ताट सरकवायची. सगळ्यात वाईट म्हणजे बाबांना तिला हाक मारता येईना. लग्न झाल्यापासून त्यांनी तिला नावाने कधी हाक मारली नव्हती, दादा झाल्यापासून ते तिला 'वसंताची आई' म्हणायचे. आता ते तोंड उघडायचे, आणि तसेच मिटायचे. चहा हवा असला तर कप थोडा वाजवायचे. मी ते बघायची आणि मला बाबांची इतकी दया यायची की मी उठून मोरीत जाऊन भांडी घासत बसायची, घासलेलीच.

माझ्याकडे बघायला कोणी नव्हतं. हे आज लिहितानाही जरा लाज वाटते, कारण ज्या घरातून तरणा मुलगा गेला त्या घरात पंधरा वर्षांच्या मुलीने आपलं काय घेऊन बसायचं? पण वाटायचं, हे खरं आहे. आईने मला 'सुलू' अशी हाक मारून किती दिवस झाले ते मी मोजत होते. एकवीस दिवस झाले तेव्हा मी मोजणं सोडून दिलं.

पातेल्याकडे मी पहिल्यांदा गेले ती काही भक्तीने नव्हे. महिना होत आला होता, पाण्याला शेवाळ धरेल, वास मारेल, एवढाच विचार. शाळेतून दीड वाजता यायची, आई पाठ करून पडलेली असायची, गाळ्यांमधून यंत्रांचं घूं घूं चालू असायचं. मी झाकण उघडलं. पाणी गढूळलं होतं, तळाशी चौघं आडवेतिडवे पडले होते. मी हात घातला. पाणी चांगलंच गार होतं. पहिला हाताला लागला तो बाळकृष्ण, त्याचा वर आलेला गुडघा. आणि माझ्या मनात नसताना तोंडातून निघालं, "काय मिळालं तुला?" अगदी हलक्या आवाजात, आई उठू नये म्हणून. "तो तुझा नैवेद्य आधी खायचा म्हणून राग आला होता का?" मग मी त्याला खूप काय काय बोलले. जे शब्द मी चाळीतल्या भांडणांत ऐकले होते आणि कधी वापरले नव्हते तेही वापरले. बोलता बोलता अंगठा त्या गुडघ्यावर फिरत होता, ते मला नंतर कळलं. पाणी बदललं, जुनं पाणी दारातल्या तुळशीला घातलं, झाकण लावलं आणि लक्षात आलं की दादा गेल्यापासून पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत जातोय.

मग मी रोज जायला लागले. पाण्याची टंचाई होती, रोज पातेलंभर बदलणं परवडायचं नाही, ते दोन-तीन दिवसांनी. पण झाकण रोज उघडायची, हात घालायची. शिव्या चार-पाच दिवसांत संपल्या. मग मी नुसती सांगायला लागले. भूमिती जमत नाही. भाकरी फुगत नाही. बाबा खोकले की रुमाल काळा होतो. आई माझ्याकडे बघत नाही, बघितलं तरी माझ्या मागे कोणी आहे का ते बघते. उत्तर काही यायचं नाही, आणि आलं असतं तर मी घाबरून पातेलंच सांडलं असतं. पण त्या घरात तेव्हा दुसरं कोणीच नव्हतं जे माझं बोलणं ऐकून खचलं नसतं. आईला सांगावं तर ती मोडलेली, बाबांना सांगावं तर ते कसेबसे उभे. हा मात्र कितीही सांगितलं तरी तसाच तळाशी, माझ्या बोटाशी, हातात लोण्याचा गोळा घेऊन बसलेला. पुढे आयुष्यात मी बरीच प्रवचनं ऐकली, डोळे मिटून बसायला शिकवणाऱ्या शिबिरालाही एकदा जाऊन आले. देव जवळ आहे हे मला कळलं ते त्या पातेल्यात मनगटापर्यंत हात घालून बसले असतानाच. आणि उठताना मी ओंजळभर ते पाणी प्यायची. देवाला घातलेलं पाणी म्हणजे तीर्थ, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. तीन दिवसांचं असलं तरी तीर्थच.

याच सुमारास एक दिवस फिलूबाय आली. फिलूबाय उत्तनजवळच्या चौक गावची कोळीण, ख्रिश्चन. उत्तनहून बसने भाईंदरला यायची आणि रेल्वेचा पूल ओलांडून आमच्या बाजूला मासे विकायची. सुतकात ती आमच्या दाराशी थांबली नव्हती, नंतरही आई काही घ्यायची नाही. त्या दिवशी तिने टोपली उतरवली आणि उंबऱ्याशी आईच्या बाजूला सरळ बसकण मारली. घरात डोकावून रिकामा देव्हारा बघितला. मला विचारलं, "देव कुटं गेलं?" मी पातेल्याकडे बोट केलं आणि थोडक्यात सांगितलं. तिने मान हलवली.

"माजा मालक दर्यान गेला तो आला न्हाय, तुना ठावं हाय," ती आईला म्हणाली. "मी काय केला सांगू? माउलीची तसबीर हाय ना आमचे घरान, तिचा तोंड भिंतीकडं फिरवून ठेवला. दोन मयने. रोज तिचे पाठीला शिव्या घालाची."

फिलूबाय आपली टोपलीवरचं फडकं नीट करत राहिली. थोड्या वेळाने आईनेच विचारलं, "मग फिरवलीस कधी?"

तेराव्यानंतर बाहेरच्या माणसाशी आई बोललेलं हे पहिलं वाक्य.

"आता कदी त्या काय ध्यानान न्हाय. येक दिस सकाली उठले, फिरवली. ती तशीच बघत व्हती, पयल्यावानी. रागावली न्हाय." ती उठली, टोपली डोक्यावर घेतली. "तिचाबी पोर गेलेला ना, तिचे डोल्यांसमोर. तिला का ठावं नसंल? भांड तू, पन घरान ठेवून भांड." जाताना तिने चार बोंबील माझ्या हातात कोंबले. मी ते तळले. आईने त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली, बाकी काही झालं नाही. मी पुढे किती दिवस वाट बघितली, की आता आई उठेल, पातेल्याकडे जाईल. ती गेली नाही.

मग मला ताप आला. परीक्षा तोंडावर होती म्हणून मी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा कामावरून आले, मी त्यांना पाण्याचा तांब्या द्यायला गेले, आणि त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. काळ्या पडलेल्या चेहऱ्यातले त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. ते ओरडले, "सुलूच्या आई! अगं सुलूच्या आई, हिचे डोळे बघ!"

दारात बसलेली आई उठली. मला अजून आठवतं, ती कशी उठली ते. दीड महिना जी भिंतीचा आधार घेऊन उठत होती ती एका झटक्यात उभी राहिली, माझ्यासमोर आली आणि माझी खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली. मग बाबांना एवढंच म्हणाली, "शेठचा टेम्पो सांगा. आत्ता." शेठने विचारलं नाही की काम कुठलं आणि भाडं कोण देणार. "पहले बच्ची को बिठाओ," म्हणाला, आणि भरलेली भांडी रस्त्यावर उतरवून टेम्पो दिला.

हॉस्पिटल तेच. मुलींचा वॉर्ड वेगळा, एवढाच फरक. एक तरुण डॉक्टरीण होती, तिने तपासून विचारलं, "पाणी कुठलं पितेस? उकळून पितेस ना?" दादा गेल्यापासून बाबा घरात पाणी उकळूनच ठेवत होते. मी म्हटलं, "घरचं उकळलेलंच असतं. पण देवाचं उकळलेलं नसतं."

"देवाचं म्हणजे?"

मग सांगावंच लागलं. पातेलं, त्यात हात घालून बसणं, नळाचं पाणी, रोजची ओंजळ. आई पायथ्याशी उभी होती, मी तिच्याकडे बघण्याची हिंमत केली नाही. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पाणी सगळ्या भागातच खराब आहे, त्या पातेल्यानेच झालं असं सांगता येत नाही. मलाही ते आजवर सांगता आलेलं नाही. आता आमच्याकडे भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, आणि देवाला आंघोळही मी त्यातल्याच पाण्याने घालते. सून हसते, हसू दे. तिथे वॉर्डात मी मिटून घेतलेले डोळे उघडले तेव्हा आई पायथ्याशी नव्हती. बाबा म्हणाले, "घरी गेलीय. काही बोलली नाही." मला वाटलं, संपलं. आता ही माझ्याशी आयुष्यात बोलणार नाही. सुतकात देवांना हात लावला नव्हता मी, पण नंतर नवसाला लावला होता. आणि त्याहून मोठी भीती होती ती मी कोणालाच सांगू शकत नव्हते. दादाचे डोळे असेच पिवळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला जाग आली ती हाताला काहीतरी ओलं लागलं म्हणून. आई खाटेला लागून स्टुलावर बसली होती. तिच्या पदराचं टोक तिने गाठ मारून माझ्या मुठीत दिलं होतं. गाठीत काहीतरी टणक होतं. मी डोळे न उघडताच बोटांनी चाचपलं आणि अंगठा आपोआप जागेवर गेला. तो गुडघा मी कुठेही ओळखला असता.

"काढलास?" मी विचारलं.

"हां."

"सगळे?"

"सगळे. बाकीचे घरी बसवलेत. याला घेऊन आले." आई बाजूच्या खाटेवरच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून खाली वाकून बोलत होती. "काल तुला इथे टाकून गेले. आंघोळ केली, त्याच्यासमोर बसले. म्हटलं, आता काय करू? पाण्यात ठेवावं, तर आधीच पाण्यात आहे. नवस बोलावा, तर एक बोललेला आहे तो जन्मात फिटायचा नाही. काही हातातच नव्हतं गो माझ्या. मग झाकण उघडलं नि तू घालायचीस तसा हात घातला."

"मग?"

"मग त्याला सांगितलं. वरसाव्याला वसंताला मीच घेऊन गेले होते. तुझे बाबा डॉक्टरकडे चल म्हणत होते, मीच नको म्हटलं. तुला बुडवून ठेवला, पण चूक माझी होती." तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "दीड महिना हे गळ्यात अडकलेलं होतं, सुलू. मेलं रडूच येत नव्हतं. काल आलं."

तिने 'सुलू' म्हटलं होतं. मला वाटतं तिला स्वतःला ते कळलंही नाही.

"आता काय अट घातलीस त्याला?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आजारी माणसाला आपल्या नावावर काय बोललं गेलंय ते माहीत असलेलं बरं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नुसतं म्हटलं, चल माझ्याबरोबर. मला एकटीला त्या वॉर्डात जाववत नाही."

मी बराच वेळ गाठ चाचपत राहिले. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "आणि मी बरी नाही झाले तर?"

आईने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. तिचा हात भाकरी थापणाऱ्या बाईचा, खरखरीत. "तरी तो इथेच बसेल," ती म्हणाली. "मी पण." आणि तिने माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली, पदरासकट. खिडकीबाहेर कोणीतरी भांडी आदळत होतं, जेवणाची गाडी आली असावी. मला त्या आवाजात झोप लागली. इतकी गाढ की वाटीतली पेज तशीच गार होऊन गेली.

मी बरी झाले, हे उघडच आहे, नाहीतर हे कोणी लिहिलं असतं? पण त्यात देवाने आईचं ऐकलं आणि आधीच्या वेळी ऐकलं नाही, असा हिशेब आमच्या घरात पुन्हा कोणी मांडला नाही. आई म्हणायची, या वेळी आपण वेळेवर गेलो. देवाचं श्रेय तिच्या लेखी वेगळं होतं. त्यानंतर ती ऐंशीच्या पुढे जगली. घरावर संकटं काही कमी आली नाहीत. बाबांच्या छातीचं झालं, माझं पहिलं बाळंतपण जिवावर बेतलं. दर वेळी ती बाळकृष्णाला पदरात बांधून हॉस्पिटलात जाऊन बसायची आणि त्याच्या गुडघ्यावर अंगठा फिरवत राहायची. पाण्यात मात्र तिने त्याला पुन्हा कधी ठेवला नाही.

घरी आले तो दिवस सांगायचा राहिला. बारा दिवसांनी सोडलं. रिक्षातून उतरून मी चाळीच्या दारात आले, तर आईने हात करून थांबवलं. भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून बाहेर टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. मग म्हणाली, "ये." मी आपल्या पायांनी उंबरा ओलांडला. आमच्या तिघांच्याही मनात तेव्हा एकच गोष्ट आली असणार. देव्हाऱ्यात तिघं आपापल्या जागी होते, समोर निरांजन, आणि गणपतीच्या पुढ्यात एक जास्वंद. बाळकृष्णाला आईने पदरातून सोडून चौथ्या जागी ठेवलं. स्टोव्हवर काहीतरी रटरटत होतं.

मला भूक लागली होती. चपला काढायचं भानही राहिलं नाही. मी सरळ ओट्याशी गेले आणि झाकण उघडलं. तेच पातेलं होतं, चेमटलेलं, घासूनपुसून स्वच्छ केलेलं, आणि त्यात मऊ भात शिजत होता. वाफ तोंडावर आली. मागे बाबांचं खोकणं एकदम थांबलं. झाकण हातात धरून मी काय केलं ते मला तेव्हा कळलं, आणि ते कुठे ठेवावं ते सुचेना.

"अरे मेल्या, हात तरी धू!" आई म्हणाली.

मी वळून बघितलं. ती रडत होती आणि हसतही होती. "वसंता अस्साच," ती बाबांना म्हणाली. दादा गेल्यानंतर घरातल्या माणसांत बसून तिने पहिल्यांदाच त्याचं नाव असं मोकळेपणी घेतलं होतं. "अस्साच चपला घालून यायचा नि झाकणं उघडायचा. भोपळा दिसला की आपटायचा मेला."

"आपटायचा," बाबा म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, तिथे काळा डाग राहिला. मग ते पाट मांडायला लागले. सवयीने चार मांडले. आईने चौथा उचलला नाही. त्यावर तिने बाळकृष्णाला आणून बसवलं, आणि आम्ही जेवलो.